जॉइन, मर्ज आणि होटगी जंक्शन

मागच्या वर्षी आमची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने घेतली. 'घेतली' हा शब्द माझा. मेलमध्ये तो नव्हता. पहिल्या मेलमध्ये दोन कुटुंबं 'जॉइन' होत होती, सोबत हात मिळवल्याचा फोटोही होता. तीन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या मेलमध्ये 'मर्जर' हा शब्द होता. फोटो नव्हता.

पुण्यातल्या या ऑफिसात मी डेटाचं काम करते, त्यामुळे दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांच्या याद्या माझ्याकडेच आल्या. मी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लावून दिल्या. ज्यांचे हुद्दे जुळत होते ते जुळले. जे जुळत नव्हते त्यांच्यासमोर रिकामी जागा राहिली. साहेबांनी शीट बघितली आणि म्हणाले, "मला जॉइन नकोय. मर्ज हवंय. एकच यादी."

तोवर हे दोन शब्द मी एकाच अर्थाने वापरत होते. तुम्हीही बहुधा वापरत असाल. शब्दकोशात बघितलं तर दोन्हींसमोर 'एकत्र करणे' सापडतं. पण काम करताना फरक लगेच हाताला लागतो.

जॉइन करताना दोन्ही तक्ते आपापल्या जागी राहतात. दोघांत सारखा असा एक कॉलम लागतो, त्याला 'की' म्हणतात. ती किल्ली जुळली की इकडची ओळ तिकडच्या ओळीशेजारी येऊन बसते. नाही जुळली, तर एक ओळ अर्धी भरलेली आणि अर्धी रिकामी दिसते. (सगळ्या प्रकारच्या जॉइनमध्ये असं होत नाही. एका प्रकारात न जुळणाऱ्या ओळी गाळल्याच जातात. पण तिथेही मूळ तक्ते शाबूत असतात.)

मर्ज कसं असतं ते बघायला एक्सेल उघडा. दोन भरलेले सेल निवडा आणि मर्ज दाबा. लगेच एक सूचना येते: वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सेलमध्ये जे आहे तेवढंच राहील, बाकीचं टाकून दिलं जाईल. आपण सगळेच न वाचता ओके दाबतो. मीही वर्षानुवर्षं दाबत आलेय, कारण मथळा मधोमध आणायचा असतो आणि शेजारचे सेल रिकामेच असतात. पण यादीतले सेल रिकामे नव्हते. आमच्याकडे काही हुद्दे असे होते, जे त्या मोठ्या कंपनीत नव्हतेच. एकच यादी करायची म्हटल्यावर त्या माणसांना कुठल्यातरी दुसऱ्या हुद्द्याखाली बसवावं लागलं, आणि तो बहुतेक वेळा एक पायरी खालचा होता. वरचा डावा कोपरा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

प्रोग्रामिंगवाले इथे मला अडवतील, की पायथनमध्ये 'मर्ज' नावाची कमांडही जॉइनच करते. खरंय. कमांडला नाव देणारा माणूस काही भाषेचा विचार करत बसत नाही. मी बोलतेय ते माणसं बोलतात त्या शब्दांबद्दल.

या शब्दांचं मूळ शोधत गेले तेव्हा मजा आली. 'मर्ज' लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ बुडवणं, पाण्याखाली नेणं. भाषाशास्त्राचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या 'मज्ज्' धातूशी लावतात. आपला 'मग्न' तिथूनच येतो, 'निमग्न' पण. 'जॉइन'ही लॅटिनमधलाच, पण त्याचा भाऊबंद आहे 'युज्', म्हणजे योग, युग्म, आणि बैलांच्या मानेवरचं जू. 'जंक्शन'ही त्याच घरातला. म्हणजे एक शब्द बुडण्याचा आणि दुसरा जुंपण्याचा. जुवाला जुंपलेले दोन बैल एकत्र चालतात, पण संध्याकाळी सोडले की दोनच असतात.

आणि मी आहे जंक्शनच्या गावची.

*

होटगी सोलापूरच्या शेजारी, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर होटगी लगेच येतं आणि बहुतेक एक्सप्रेस गाड्या न थांबता पुढे जातात. त्यामुळे 'होटगी जंक्शन' हा पिवळा बोर्ड खिडकीतून भुर्रकन निघून जातो. हल्ली लोकांना होटगी म्हटलं की सिमेंट आठवतं, नाहीतर फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प. पण जंक्शन त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

इथून एक मार्ग वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूर, बागलकोटवरून गदगला. पहिला जीआयपी रेल्वेचा, ब्रॉडगेज. दुसरा सदर्न मराठा रेल्वेचा, मीटरगेज. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूर आणि विजापूरकडचा मुलूख अक्षरशः जळून गेला होता. धान्य वेळेवर पोचलं नाही म्हणून माणसं मेली. त्यानंतर दुष्काळी भागात रेल्वे न्यायची असं ठरलं आणि ज्या 'दुष्काळी लाइनी' टाकल्या गेल्या त्यांपैकी होटगी-गदग ही एक. १८८४ मध्ये ती सुरू झाली.

ब्रॉडगेजच्या दोन रुळांत अंतर १६७६ मिलिमीटर. मीटरगेजमध्ये नावाप्रमाणेच १००० मिलिमीटर. फरक सव्वादोन फुटांच्या आसपास. कागदावर तो किरकोळ वाटतो, पण या रुळावरचा डबा त्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणजे होटगीला दोन रेल्वे जोडल्या गेल्या होत्या, पण मिसळल्या नव्हत्या. गदगकडून आलेला माल इथे उतरवायचा, डोक्यावर-पाठीवर घ्यायचा आणि पलीकडच्या डब्यात भरायचा. ज्या ज्या स्टेशनात दोन गेज भेटायची, तिथे तिथे हे चालायचं.

आमचे पणजोबा होटगीच्या मालधक्क्यावर हमाल होते. मी त्यांना पाहिलं नाही. त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली होता, एवढंच अप्पा सांगतात.

हे मुद्दाम लिहितेय, कारण वर जॉइनचं जे कौतुक केलं त्यावरून वाटेल की जोड नेहमी चांगली आणि विलीन होणं नेहमी वाईट. तसं नाही. जोडात दोन्ही बाजू शाबूत राहतात हे खरं, पण मधल्या फटीतून रोज कुणालातरी पोती वाहावी लागतात. १९९२ मध्ये रेल्वेने युनिगेज प्रकल्प हाती घेतला, देशभरातले बहुतेक मार्ग एकाच रुंदीचे करायचे म्हणून. होटगी-गदग मार्गही नव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज झाला. आता सोलापूरहून गोलघुमट एक्सप्रेस थेट मैसूरपर्यंत जाते, कुणाच्या खांद्यावर काही येत नाही. मीटरगेज गेलं याचं वाईट वाटणारे रेल्वेप्रेमी असतात, त्यांचे ग्रुपही असतात. त्यांच्यात एखादा हमालाचा पणतू असेल का, माहीत नाही.

रेल्वे कंपन्यांच्या कागदांवर मात्र उलटा खेळ चालू होता. १९०८ मध्ये सदर्न मराठा रेल्वे आणि मद्रास रेल्वे यांचं विलीनीकरण होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे' झाली. आता यात गंमत बघा. मद्रास रेल्वे ब्रॉडगेजची, सदर्न मराठा मीटरगेजची. कंपनी एक झाली, रूळ दोनच राहिले. नावही दोन्हीकडचं ठेवलं, मध्ये 'अँड' घालून. म्हणजे म्हणायला मर्जर, प्रत्यक्षात जोड. १९५१ मध्ये तेही नाव गेलं. ही कंपनी दक्षिण रेल्वेत गेली, जीआयपी मध्य रेल्वेत गेली. आज होटगी स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे, आणि विजापूरकडे जाणारा मार्ग दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा. रूळ एका मापाचे झाले आणि कारभार अजून दोन. आमच्या गावात कुठलीच गोष्ट पूर्ण एक होत नाही.

*

हे दोन शब्द नुसते भाषेचे नाहीत, कायद्याचेही आहेत. होटगीच्या पुढे थोड्याच अंतरावर अक्कलकोट रोड स्टेशन लागतं. अक्कलकोट १९४८ पर्यंत भोसल्यांचं संस्थान होतं.

शाळेत आपण एका दमात शिकतो की संस्थानं भारतात विलीन झाली. पण ते दोन टप्प्यांत झालं आणि दोन्हींचे कागद वेगळे होते. ऑगस्ट १९४७ च्या आसपास राजांनी जी सही केली ती सामीलनाम्यावर. त्यात तीनच विषय दिल्लीकडे जात होते: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी दरबार, कोर्ट, महसूल, पोलीस सगळं राजाचंच. हा जॉइन. संस्थान भारतात आलं आणि संस्थानही राहिलं.

दुसरी सही विलीनीकरणाच्या करारावर. त्यात राज्यकारभार सगळाच गेला. दख्खनमधली बहुतेक संस्थानं ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. अक्कलकोट त्यांत होतं. पुढे ते सोलापूर जिल्ह्यातला एक तालुका झालं. पहिल्या सहीपासून दुसऱ्या सहीपर्यंत सात महिनेही गेले नव्हते. राजांना तनखे मिळाले, तेही १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने बंद झाले.

राजाच्या बाजूने बघितलं तर ही बुडण्याची गोष्ट आहे. प्रजेच्या बाजूने बघितलं तर अक्कलकोटच्या माणसाला सोलापूरच्या माणसाइतकंच मत मिळालं. सेल पुसला गेला, पण त्या सेलमध्ये लिहिलेलं होतं राजाचं नाव. त्या सेलच्या आत राहणाऱ्यांना फारसं रडू आलं नसावं.

'विलीनीकरण' हा शब्द आमच्या पिढीने ऐकला तो मात्र राजांमुळे नाही, एसटीमुळे. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि सोलापूरच्या स्टँडवर गाड्या ओळीने उभ्या होत्या. मागणी एकाच शब्दात होती: महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. सरकारने पगारवाढ दिली, तरी बरेच कर्मचारी हटले नाहीत. पगार वाढेलही, पण आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा, असं त्यांचं म्हणणं. तीन सदस्यांच्या समितीने विलीनीकरण शक्य नाही असा अहवाल दिला. हायकोर्टाने कामावर परतण्यासाठी मुदत दिली आणि एप्रिल २०२२ मध्ये संप मिटला. पाच महिन्यांहून जास्त चालला होता तो.

तेव्हा कॉलेजातल्या आमच्या चर्चेत कुणीतरी म्हणालं होतं, "एसटीला स्वतःची ओळख आहे, ती का घालवायची?" बोलणाऱ्याच्या घरी दोन गाड्या होत्या. ज्याचा पगार महिनोन्महिने उशिरा होतो, त्याला त्या ओळखीचं ओझं होतं. बुडून जाण्याची मागणी माणसं स्वतः करतात तेव्हा आधी हे बघावं, की ते कुठल्या पाण्यात उभे आहेत.

म्हणून मर्ज म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप लबाडीला आहे. मर्ज करायचं आणि मेलमध्ये जॉइन लिहायचं, याला.

*

आता अव्वाबद्दल. अव्वा म्हणजे माझी आजी, अप्पांची आई.

ती १९४४ ची, इंडीजवळच्या एका खेड्यातली. इंडी, विजापूर हा सगळा भाग तेव्हा मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. अव्वा तेव्हा बारा वर्षांची. गावातलं काहीच हललं नाही आणि राज्य बदललं. पुढे पाच-सहा वर्षांनी तिचं लग्न झालं आणि इंडी रोड स्टेशनातून मीटरगेजच्या गाडीने ती होटगीला आली. तिच्या आईवडिलांच्या लग्नात हाच प्रवास एका राज्यातला असता. तिच्या लग्नात तो दोन राज्यांतला झाला.

आमच्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. होटगीत हे काही विशेष नाही. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी कन्नड बोलतो, दुसऱ्याशी मराठी, आणि उधारी मागताना ज्याला जी जास्त लागेल ती. पण अव्वा आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. चौथीपर्यंत शाळा झालेली, तीही कन्नड. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं, मराठीत, म्हणजे तिला वाचता येणार नाही अशा अक्षरांत. माहेरचं नाव एका नदीचं होतं. सासरचं एका देवीचं. दोन्ही मी इथे लिहीत नाही, तिला विचारलं तर ती नको म्हणेल.

ऑफिसातलं ते जॉइन-मर्जचं प्रकरण मी सुट्टीत घरी सांगत होते. अव्वा शेंगा सोलत बसली होती. ऐकून म्हणाली, "आमच्यात दोन शब्द हायेत की. सेरसु आन् बेरसु."

मी म्हटलं, "फरक काय?"

"पोराला शाळंत घातलं तर सेरसु. दुधात पाणी घातलं तर बेरसु."

मी एवढा वेळ लॅटिनमध्ये शोधत होते.

मराठीतही शब्द आहेत, पण आपण ते सैल वापरतो. जोडणं, सांधणं, मिसळणं, कालवणं, मुरणं. आजीने गोधडीला ठिगळ सांधलं म्हणतो, मिसळलं म्हणत नाही. लोणचं मुरतं, जोडलं जात नाही. नदीला मात्र आपण 'मिळते' म्हणतो, आणि हा शब्द फार हुशार आहे. सीना भीमेला मिळते. म्हणजे भेटते, की भीमेला सीना लाभते, की सीना संपते? तिन्ही अर्थ बसतात.

सीना भीमेला जिथे मिळते ते ठिकाण आमच्याच तालुक्यात आहे: हत्तरसंग कुडल. 'कूडु' म्हणजे कन्नडमध्ये एकत्र येणं. बेरजेलाही कन्नडमध्ये हाच शब्द. कुडल म्हणजे संगम. तिथलं देऊळ संगमेश्वराचं. कन्नड शब्दाशेजारी त्याच अर्थाचा संस्कृत शब्द ठेवला आणि दोन्ही चालू राहिले, खालच्या बाजूच्या कूडलसंगमसारखंच, जिथे मलप्रभा कृष्णेला मिळते. याच कुडलच्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालची मराठी ओळ कोरलेली आहे. सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा त्या ओळीचा अर्थ. मराठीचा इतका जुना पुरावा सापडतो तो कन्नड नावाच्या गावात, यावर फेसबुकवर दोन्ही बाजूंची भांडणं होऊ शकतात आणि होतातही. ज्याने ती ओळ कोरली त्याला बहुधा यात भांडण्यासारखं काही दिसलं नसेल.

संगमावर उभं राहिलं की पावसाळ्यात दोन पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगळे दिसतात. पुढे एकच पाणी, आणि नाव भीमा. सीनेचं नाव तिथे थांबतं. भीमाही पुढे रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि तिचं नाव थांबतं. मी हे अव्वाला सांगायला गेले नाही. तिचं नाव नदीचं आहे, आणि असल्या उपमा तिला आवडत नाहीत.

*

गेल्या वर्षी अप्पांच्या मामेभावांचा इंडीकडून फोन आला. शेताच्या पहाणीला, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याला, आधार जोडायचं काम सुरू होतं. अव्वाचे वडील गेल्यावर भावांबरोबर तिचंही नाव पहाणीवर लागलेलं होतं. हिस्सा थोडाच, दीड एकराच्या आत. साठ वर्षांत तिने त्यातलं एक पोतंही मागितलं नाही. दिवाळीला ज्वारी आणि तूर येते तेवढीच.

अडचण अशी, की पहाणीवर नाव नदीचं आणि आधारवर देवीचं. वडिलांच्या नावाच्या जागी इकडे नवऱ्याचं. तारीख कुठेच नाही. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर दोन तक्ते आहेत आणि किल्लीचा कॉलमच नाही. जॉइन कसं होणार? पहाणीवरची ती बाई आणि आमच्या स्वयंपाकघरातली ही बाई एकच आहे हे आम्हाला माहीत होतं, कागदाला नव्हतं.

मामेकाकांनी एक सोपी वाट सुचवली. अव्वाने हक्कसोडपत्रावर सही करावी. हिस्सा भाच्यांच्या नावावर मर्ज होईल, नावाचा घोळच उरणार नाही. त्यांनी हे लबाडीने सुचवलं असं मला वाटत नाही. इतकी वर्षं शेत तेच कसतात, विहिरीचं कर्ज त्यांनीच फेडलं. अप्पांनाही पटलं. "अव्वा, तुला काय करायचंय आता त्या जमिनीचं," असं ते म्हणाले, आणि हिशेबाने बघितलं तर बरोबरच होतं.

अव्वा म्हणाली, "जमिनीचं काय बी नाही करायचं. पीक त्येंनीच खावं."

"मग सही कर की."

"नाव राहू दे."

"अगं, नावाचं काय करणारेस?"

"इथल्या कागदावर हाय का ते नाव कुठं?"

नव्हतं. रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, बँक, गॅस, दवाखान्याची फाइल, सगळीकडे देवी. नदी उरली होती त्या एका पहाणीवर आणि तिच्या धाकट्या भावाच्या तोंडात. तो फोन करतो तेव्हा त्या नावाने हाक मारतो. त्याला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनही कमी येतात.

अप्पा गप्प बसले. त्यांच्यात आणि मामेभावांत आठवडाभर फोनवर ताणाताणी चालली. तिकडे असा समज झाला की पुण्यात शिकलेली पोरगी आजीला हिस्सा मागायला शिकवतेय. एका काकांनी मला सरळ विचारलंच. मी म्हटलं, काका, तिला विचारा. त्यांनी विचारलं, कन्नडमध्ये, आणि अव्वा त्यांच्याशी कन्नडमध्ये जे काही बोलली त्यातलं मला अर्धंच कळलं. शेवटी 'बिडू' म्हणाली, म्हणजे सोडून दे. कुणाला म्हणाली, आणि काय सोडायला सांगितलं, ते तिने सांगितलं नाही. पण त्यानंतर हक्कसोडपत्राचा विषय निघाला नाही.

मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. सोलापुरात कोर्टाजवळ बसणाऱ्या टायपिस्टकडे मी अव्वाला घेऊन गेले. त्याच्याकडे मजकूर तयार असतो, फक्त नावं भरायची. 'मी, अमुक उर्फ तमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची म्हणजे माझीच आहेत.' असली प्रतिज्ञापत्रं तो रोज करतो. "लग्न झालेल्या बायकांचीच जास्त," असं त्याने टाइप करता करता सांगितलं. आधी कुठलं नाव घालू, असंही विचारलं. नियम काहीच नाही, म्हणाला, पण बहुतेक जण आधारवरचं आधी घालतात.

अव्वाने माहेरचं आधी घालायला सांगितलं.

'उर्फ' या शब्दाकडे मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. वर्तमानपत्रात तो गुन्हेगारांच्या नावात दिसतो. पण हा शब्द एक नाव खोडत नाही. दोन्ही ठेवतो आणि सांगतो, हे माणूस एकच आहे.

कागद तयार झाल्यावर नोटरीने सहीची जागा दाखवली. अव्वाला मराठी अक्षरं लग्नानंतर आजोबांनी शिकवली, तेवढी सहीपुरती. बँकेत ती तीच सही करते, सावकाश, प्रत्येक अक्षराला थांबून. इथे तिने पेन घेतलं आणि कन्नडमध्ये एका झटक्यात जुनं नाव लिहिलं. नोटरी म्हणाला, आजी, आधारवरची सही पण लागेल. मग तिने खाली मराठीत दुसरी केली. तिला वेळ लागला. मागे रांग होती, पण कुणी काही बोललं नाही.

तो कागद घेऊन अप्पा दोनदा इंडीला जाऊन आले. पहिल्यांदा संबंधित माणूस रजेवर होता. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, महाराष्ट्रातलं प्रतिज्ञापत्र मराठीत आहे, कन्नड भाषांतर जोडा. भाषांतर मी अव्वाकडूनच करून घेतेय. ती सांगते, मी देवनागरीत लिहून घेते, आणि मामेकाकांची मुलगी तिकडे ते कन्नड लिपीत टाइप करते. 'उर्फ'ला कन्नडमध्ये काय म्हणतात, असं मी विचारलं.

"उर्फच म्हन्तात," अव्वा म्हणाली. "त्यात काय इचारायचं?"